पुण्याहून एका वर्षासाठी युरोपात शिकायला जाताना

कॉलेजच्या बोर्डावर एक्स्चेंजची नोटीस लागली की ज्युनियर मंडळींचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न व्हिसाचा असतो, दुसरा खोलीचा. क्रेडिटबद्दल फार थोडे जण विचारतात आणि वर्ष वाया जातं ते नेमकं तिथेच. व्हिसा उशिरा का होईना मिळतो, खोलीही सापडते. पण तिकडे पास झालेला विषय इथल्या मार्कशीटवर चढलाच नाही, तर तो परत आल्यावर पुन्हा द्यावा लागतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या भागाला दिली आहे.

मी पुण्यातल्या कॉलेजातून एक्स्चेंजवर जर्मनीत वर्षभर शिकलो, त्यामुळे या लेखातला मुख्य रस्ता जर्मनीचा आहे. फ्रान्समध्ये जिथे गोष्टी वेगळ्या आहेत तिथे तसं लिहिलं आहे.

1. कुठल्या वर्षी जायचं ते आधी ठरवा

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी तिसरं वर्ष बरं. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आणि कॅम्पस प्लेसमेंट एकदमच येतात. मात्र तिसऱ्या वर्षी गेलात तरी एक अडचण आहेच, ती आत्ताच समजून घ्या. आपली टर्म जून-जुलैत सुरू होते. जर्मनीत विंटर सेमिस्टर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च आणि समर सेमिस्टर 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर असतं. समरच्या परीक्षा जुलैच्या शेवटापासून सुरू होतात आणि काही पेपर सप्टेंबरपर्यंत लांबतात. म्हणजे तुम्ही परत याल तेव्हा इथली सातवी सेमिस्टर सुरू होऊन महिना-दोन महिने झालेले असतील आणि पहिल्या कंपन्या येऊन गेलेल्या असतील. उशिरा हजर होण्याची परवानगी आणि प्लेसमेंट सेलकडे ऑनलाइन नोंदणीची सोय, दोन्ही निघण्यापूर्वी मागून ठेवा.

बॅकलॉग असेल तर आधी तो काढा. नॉमिनेशनच्या वेळी, म्हणजे कॉलेज तिकडच्या विद्यापीठाला तुमचं नाव कळवतं तेव्हा, बहुतेक ठिकाणी हीच पहिली चाळणी लागते.

भाषेबद्दल एक गैरसमज आहे: "सगळं इंग्रजीतच असतं." जर्मनीत इंग्रजी माध्यमाचे विषय मास्टर्सला भरपूर आहेत, बॅचलरला बरेच कमी. त्या विद्यापीठाची इंग्रजी विषयांची यादी आधी उघडून बघा आणि मगच अर्जात त्याला पहिली पसंती द्या. तुमच्या शाखेचे तीनच विषय इंग्रजीत असतील तर वर्षभर काय शिकणार? आपल्याकडे भाषा शिकायची सोय उत्तम आहे. जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आणि दोन्हींसाठी फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट. निघेपर्यंत ए2, म्हणजे भाषेची दुसरी पातळी, झाली तर दुकान, दवाखाना आणि सरकारी कचेरी एवढं निभावतं.

2. क्रेडिटचं सगळं लिहून घ्या

युरोपात ईसीटीएस नावाची क्रेडिटची पद्धत आहे. पूर्ण वर्षाचे 60, एका सेमिस्टरचे 30. एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचा अभ्यास, त्यात वर्गातले तासही आले आणि घरचे वाचनही. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीला साधारण 160 क्रेडिट धरतात, म्हणजे सेमिस्टरला 20 च्या आसपास. म्हणून 30 ईसीटीएसला आपले 20 असा हिशेब पुष्कळ ठिकाणी मांडला जातो. पण तो आपोआप लागू होत नाही. तुमच्या विभागाने तो मान्य केल्याचा कागद तुमच्या हातात हवा.

जाण्यापूर्वी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट होतं. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय सुटणार, हे त्यात लिहिलेलं असतं. सह्या तिघांच्या: तुमची, इथल्या कॉलेजची, तिकडच्या विद्यापीठाची. इथे पुढची काळजी घ्या.

विषयाच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रम जुळवा. तिकडच्या विषयाचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयांच्या तपशिलाची पुस्तिका, वेबसाइटवर असतं. त्यातून तुमच्या विषयांची पानं काढा, शेजारी आपला सिलॅबस ठेवा आणि काय काय सारखं आहे ते खूण करून एचओडींना दाखवा. ही तयारी करून गेलेल्याचं काम एका भेटीत होतं. नुसती नावांची यादी घेऊन गेलात तर "बघू, आल्यावर ठरवू" असं उत्तर मिळतं, आणि हे उत्तर स्वीकारायचं नाही. तुम्ही परत येईपर्यंत एचओडी बदललेले असू शकतात.

प्रत्येक विषयाला एक पर्यायी विषयही मंजूर करून घ्या. तिकडे पोचल्यावर दोन विषयांची वेळ एकच निघते, किंवा एखादा विषय त्या सेमिस्टरला चालवतच नाहीत. हे दरवर्षी घडतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत अ‍ॅग्रीमेंट बदलता येतं, पण पुण्यात तेव्हा दिवाळीची सुट्टी लागलेली असते आणि सहीला माणूस सापडत नाही.

गुणांचं रूपांतर कसं करणार तेही आत्ताच लिहून घ्या. जर्मनीत 1.0 सर्वांत चांगला, 4.0 ला पास, 5.0 म्हणजे नापास. आपल्याकडे दहापैकी मोजायची सवय. परीक्षा विभागातल्या एखाद्या नव्या माणसाने 1.3 हा आकडा दहापैकी समजून भरला, तर उत्कृष्ट विद्यार्थ्याचं वर्ष नापासात जातं. कोणत्या ग्रेडला आपला कोणता ग्रेड पॉइंट, असा तक्ता मंजूर होऊन अ‍ॅग्रीमेंटला जोडलेला हवा.

आणि ऑफिसात दिलेला प्रत्येक अर्ज दोन प्रतींत द्या. एक त्यांची, दुसरीवर आवकचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घेऊन ती तुमच्या फाइलला. ईमेलवर "ओके" आलं असलं तरी हा शिक्का घ्याच. मला पुढे जे काही पटकन मिळालं ते या शिक्क्यांच्या जोरावर मिळालं. हजेरी, टर्म ग्रँट आणि परीक्षा फॉर्म या तीन गोष्टींबद्दल वेगवेगळे अर्ज करा. एकाच अर्जात सगळं कोंबलं की तो कुठल्या टेबलावर जायचा यावरच अडतो.

3. नाव एकसारखं करा

ही अडचण खास आपल्या राज्यातल्या मुलांची. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बहुतेकांच्या नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही. आधारवर तिसराच प्रकार. युरोपातल्या कचेरीत बसलेल्या बाईंना तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे कळायचं काही कारण नाही.

नियम एकच ठेवा: विद्यापीठाचा अर्ज, विमा, बँक, तिकीट, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव, त्याच स्पेलिंगमध्ये. मार्कशीट वेगळी दिसत असेल तर कॉलेजकडून बोनाफाइडमध्ये दोन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची असल्याचं लिहून घ्या. पासपोर्ट नवा काढायचा किंवा दुरुस्त करायचा असेल तर मुंढव्याच्या सेवा केंद्राची अपॉइंटमेंट नॉमिनेशनची वाट न बघता घ्या. परत येण्याच्या तारखेनंतरही मुदत चांगली शिल्लक हवी.

4. पैसे

एक्स्चेंजमध्ये तिकडची ट्यूशन फी बहुधा माफ असते, इथल्या कॉलेजची फी मात्र भरावी लागते. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा. जर्मन विद्यापीठ सेमिस्टर-शुल्क घेतं. त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो.

राहण्याखाण्याचे पैसे आहेत हे जर्मनीला आधीच दाखवावं लागतं. त्याचा रूढ मार्ग म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो भरावे लागतात आणि तिकडे पोचल्यावर दरमहा 992 युरो हातात येतात. पुरेशा रकमेची शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र याच्या जागी चालतं. डाड ही जर्मनीची शिष्यवृत्ती देणारी संस्था, किंवा तुमच्या कॉलेजचा करार युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेखाली असेल तर त्याची शिष्यवृत्ती, यांची चौकशी इंटरनॅशनल ऑफिसात नॉमिनेशनच्या वेळीच करा.

पैसे बँकेतून पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली जातात. शिक्षणासाठी एका आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांच्या वर रक्कम गेली तर वरच्या भागावर टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, कापला जातो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही. कापलेली रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात वळती करून घेता येते, म्हणून ज्याच्या पॅनवर कापली त्यानेच विवरणपत्र भरायचं हे लक्षात ठेवा.

ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता मिळायला तिकडचं बँक खातं लागतं आणि ते उघडायला वेळ जातो. पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट आणि जेवण भागेल एवढे पैसे फॉरेक्स कार्डवर वेगळे ठेवा.

5. व्हिसा

महाराष्ट्र मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो, जर्मनीसाठीही आणि फ्रान्ससाठीही. वर्षभरासाठी शेंगेन (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) टुरिस्ट व्हिसा चालत नाही, डी प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. जर्मनीत त्याचं शुल्क 75 युरो आहे, ते रुपयांत भरायचं.

नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं. काही गटांना सूट आहे. तुमचा एक्स्चेंज त्यात बसतो का, हे एपीएसच्या वेबसाइटवर बघा आणि तिकडच्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. बसत नसेल तर त्याच आठवड्यात अर्ज करा.

फाइलमध्ये हे कागद ठेवा, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि एक स्कॅन:

- पासपोर्ट आणि जुना असल्यास तोही
- मापात काढलेले बायोमेट्रिक फोटो (व्हिसाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओला देशाचं नाव सांगा)
- तिकडच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र
- कॉलेजचं नॉमिनेशन पत्र आणि बोनाफाइड
- दहावी, बारावी आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट
- ब्लॉक्ड अकाउंटचं किंवा शिष्यवृत्तीचं पत्र
- आरोग्य विम्याचा कागद, शिवाय निघाल्यापासूनच्या पहिल्या दिवसांसाठी प्रवास विमा
- भाषेचं प्रमाणपत्र
- बायोडेटा आणि 'का जायचं आहे' याचं पत्र
- सही झालेलं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट

उन्हाळी परीक्षेचा निकाल वेळेवर लागत नाही. शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट हातात नसेल तर "परीक्षा दिली, निकाल प्रलंबित" असं कॉलेजचं पत्र घ्या.

अपॉइंटमेंट मुंबईत मिळाली आणि ती जुलै-ऑगस्टमध्ये असली, तर आदल्या दिवशीच जाऊन राहा. पावसात घाटात दरड कोसळली की एक्स्प्रेस वेही अडतो आणि गाड्याही. हुकलेली तारीख लवकर परत मिळत नाही.

एजंटांबद्दल एक सांगतो. जर्मनीसाठी मार्कशीटवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, करून देतो म्हणून पैसे मागणारे भेटतात. भारताच्या बाबतीत जर्मनीने अपोस्टिल करारावर हरकत घेतली आहे, त्यामुळे तो शिक्का तिथे कामाचा नाही. फ्रान्सला मात्र जन्मदाखला मागितला जातो, तो महापालिकेकडून आई-वडिलांच्या नावांसह काढून ठेवा. फ्रान्सवाल्यांचा अर्ज कॅम्पस फ्रान्सच्या 'एत्यूद आँ फ्राँस' पोर्टलवरून सुरू होतो, आणि तिथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. हे राहिलं तर तिथला मुक्कामच बेकायदा ठरतो.

6. खोली

प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज करा. जर्मनीत ही वसतिगृहं 'श्टुडीरेंडनवेर्क' नावाची संस्था चालवते, विद्यापीठ नव्हे, म्हणून अर्जही वेगळा असतो. एक्स्चेंजवाल्यांसाठी काही खोल्या राखीव असतात आणि त्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमार्फत मिळतात. दोन्हीकडे नाव नोंदवा.

नाहीच मिळाली तर 'वेगे', म्हणजे चार-पाच जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट. जाहिरातीत 'काल्ट' लिहिलं असेल तर ते नुसतं भाडं, 'वार्म' मध्ये हीटिंग आणि पाणी धरलेलं असतं. वीज-इंटरनेट वेगळं आहे का ते विचारा. डिपॉझिट हीटिंगशिवायच्या भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, असा कायदाच आहे.

फसवणुकीचा नमुना ठरलेला आहे. सुंदर फोटो, बाजारापेक्षा कमी भाडं, मालक "सध्या परदेशात", आणि डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरिअरने येणार. अशा कुणालाही एक युरो पाठवू नका. पुण्यातून निघताना पक्की खोली नसेल तर पहिले दोन आठवडे हॉस्टेलमध्ये राहून शोधा. महाग पडतं, पण पैसे बुडत नाहीत.

7. सामान

घरच्यांना हे वाचून दाखवा. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर बंद. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, अपवाद पाच: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. हापूस आणि कढीपत्त्याची जुडी घरी ठेवा. गोडा मसाला, मेतकूट, लोणचं, भाजणी, पोहे नीट सीलबंद न्या.

औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. चष्म्याची जास्तीची जोडी न्या. फोनच्या चार्जरची दोन पिनांची प्लग तिथे चालते, जाड तीन पिनांची नाही. हिवाळी जाकीट इथून घेऊ नका, तिथल्या थंडीचं तिथेच चांगलं मिळतं.

8. पहिले पंधरा दिवस

तिथली कामं साखळीने जोडलेली आहेत, क्रम सोडला की पुढचं अडतं.

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा राहण्याचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार पुरत नाही. हा दाखला द्यायला तयार नसलेल्या मालकाची खोली घेऊच नका. नोंदणीच्या कागदावर बँक खातं उघडतं, खात्यावर ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे येतात. विम्याच्या कागदावर विद्यापीठात नाव दाखल होतं. आणि हे सगळे कागद घेऊन परदेशी नागरिकांच्या कचेरीत निवास परवान्याचा अर्ज होतो. तिथल्या तारखा महिनोन्महिने पुढच्या मिळतात, म्हणून व्हिसा संपायची वाट न बघता पोचल्या महिन्यातच अर्ज टाका.

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना तिथला सरकारी आरोग्य विमा सवलतीच्या हप्त्याने मिळतो, हप्ता महिन्याला 140 युरोंच्या पुढे. खासगी विमा स्वस्त दिसतो. पण त्यासाठी एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की त्या शिक्षणाच्या काळात परत येता येत नाही. जुनं आजारपण असेल तर सरकारीच घ्या.

पोचल्या दिवशी पत्रपेटीवर तुमचं नाव चिकटवा. बँकेचं कार्ड, पिन, विमा, कर क्रमांक सगळं टपालाने येतं आणि पेटीवर नाव नसलं की पोस्टमन पत्र परत नेतो. त्याच पेटीत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिन्याला 18.36 युरो. ते फसवं नाही, भरावं लागतं, पण एका घराला एकच असतं. फ्लॅटमधला एखादा आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवा आणि रक्कम वाटून घ्या.

आपत्कालीन क्रमांक 112. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच किराणा भरा.

9. वर्ग आणि परीक्षा

वेळापत्रकात '10 सी.टी.' असेल तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो, 'एस.टी.' असेल तर ठोक्याला दहा. हजेरी बऱ्याच विषयांना नसते. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला मोकळं वाटतं आणि फेब्रुवारीत कळतं की पूर्ण गुण एकाच परीक्षेवर आहेत, अंतर्गत गुण नाहीत, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून पुढचा ओळखता येत नाही. पहिल्या आठवड्यापासून दर रविवारी त्या आठवड्याचे प्रश्न सोडवा, गटात बसून सोडवा.

परीक्षेची नोंदणी पोर्टलवर स्वतः करायची असते आणि मुदत संपली की प्राध्यापकही काही करू शकत नाहीत. नाव नोंदवून गैरहजर राहिलात तर बऱ्याच ठिकाणी नापास धरतात, म्हणून नाव काढून घेण्याची तारीखही लिहून ठेवा. दोन तारखांचा पर्याय असेल तर नेहमी पहिली घ्या. परतीचं तिकीट तिच्यावर अवलंबून आहे.

प्राध्यापकांना "सर" म्हणत दाराबाहेर थांबू नका. त्यांची भेटीची वेळ ठरलेली असते, ईमेल करून जा आणि सरळ प्रश्न विचारा. वर्गात शंका विचारली म्हणून तिथे कुणाला उद्धटपणा वाटत नाही.

10. नोकरी, फिरणं, हिवाळा

जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, फ्रान्समध्ये 964 तास. पहिल्या सेमिस्टरला काम घेऊ नका असं माझं मत आहे. निवास परवान्यावर इतर शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवून.

हिवाळ्याबद्दल गंभीरपणे लिहितो. डिसेंबरात चार-सव्वाचारला अंधार पडतो. दिवाळीच्या सुमारास नव्याची नवलाई संपते, ओळखी अजून व्हायच्या असतात, आणि फोनवर घरचा फराळ दिसतो. पुष्कळ मुलं याच महिन्यांत खोलीत कोंडून घेतात आणि घरी "सगळं ठीक" सांगतात. रोज दुपारी उजेडात अर्धा तास बाहेर चाला. विद्यापीठाच्या खेळांच्या वर्गांना नाव घाला, ते स्वस्त असतात आणि ओळखी तिथेच होतात. झोप उडाली, जेवण सुटलं, वर्ग चुकायला लागले, तर श्टुडीरेंडनवेर्कच्या समुपदेशकाकडे जा. बहुतेक ठिकाणी फी नसते आणि इंग्रजीत बोलता येतं.

घरी फोनची वेळ ठरवून घ्या. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. रात्री अकराला तुमचा फोन आला तर आईकडे अडीच-साडेतीन वाजलेले असतात.

11. परत येण्यापूर्वी

खोली सोडायची नोटीस करारात असेल तितकी आधी द्या, बहुधा तीन महिने. सोडताना मालकासमोर खोलीचे फोटो काढून सही घ्या, डिपॉझिट त्यावर परत मिळतं. पत्ता रद्द करा आणि त्या कागदावर विमा व रेडिओ-टीव्ही शुल्क बंद करा. बँक खातं लगेच बंद करू नका, डिपॉझिट काही महिन्यांनी तिथेच जमा होतं.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिकडची अधिकृत मार्कशीट, निकाल लागल्यावर यायला आठवडे जातात. निघण्यापूर्वी इंटरनॅशनल ऑफिसला तुमचा आणि इथल्या कॉलेजचा ईमेल देऊन ठेवा, आणि पोर्टलवरच्या निकालाची प्रत लॉगिन चालू असतानाच उतरवून घ्या. प्रत्येक विषयाचं मॉड्यूल पानही सोबत आणा. पुढे मास्टर्सचा अर्ज करताना तेच मागतात, आणि वेबसाइटवर तोवर अभ्यासक्रम बदललेला असतो. विषय जुळवणीचा मंजूर तक्ता विभागात एक प्रत देऊन ठेवा. पुढच्या वर्षी जाणाऱ्याला एचओडींपुढे ठेवायला तो उपयोगी पडेल.